सरांचा मिडरेंज

स्पीकर दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठत्यात. एक जळलेले स्पीकर, आणि दुसरे किस्से. लोक दोन्ही आणून टाकतात आणि परत न्यायला येत न्हाईत. लक्ष्मीपुरीतलं माझं दुकान आठ बाय दहाचं. जळके स्पीकर मी वर्षातनं एकदा भंगारात घालतो. किश्श्यांना भंगारवाला मिळत न्हाई, म्हणून तुम्हाला सांगतोय. हसू आलं तर हसा. पण शेवटपर्यंत हसाल असं काय मी लिहून देत न्हाई.

साल सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव असंल. आम्ही चौघं. मी बबन चौगुले, फाटक्या स्पीकरचे कागदी कोन बदलणारा. दुसरा दत्ता खाडे, उद्यमनगरात लेथवर टर्नर, हात सोन्याचा आणि तोंड गटाराचं. तिसरे अण्णा, हातकणंगल्याचे कापडवाले. घरात कानडी बोलणारे, वयानं थोरले, गाण्याचे शौकीन. आणि चौथे सर. सरांनी मला आणि दत्ताला दहावीला गणित शिकवलं. दत्ताला दोनदा शिकवलं, कारण तो दोनदा बसला!

सर कसबा बावड्यात राहायचे. दर रविवारी दुपारी त्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात आमचा अड्डा. सरांना घरी बनवलेला थ्री-वे स्पीकर पाहिजे होता. म्हणजे एका खोक्यात तीन. जाड आवाजाला वूफर, बारीक आवाजाला ट्विटर, आणि मधल्याला मिडरेंज. वूफर एका दिवसात ठरला. ट्विटर चहा गार व्हायच्या आत ठरला. मिडरेंजनं मात्र आमचं वर्ष खाल्लं.

"मधल्या पोराचं असंच असतंय," सर म्हणायचे. ते स्वतः तिघा भावांतले मधले. "थोरल्याला मान, धाकट्याचे लाड, मधल्याला कोण विचारतंय? पण बबन, माणूस बोलतोय ते सगळं मधल्यातनं. मधला चुकला की आपलं माणूस परकं वाटतंय."

*

पहिलं खोकं दत्तानं बांधलं. जाड प्लायवूड, कोपरे असे जुळवलेले की पोस्टकार्डसुद्धा आत जाईना. पण गड्यानं वूफर आणि मिडरेंज एकाच मोकळ्या खोक्यात बसवले, मध्ये पडदी न्हाई.

मी म्हटलं, "दत्ता, मिडरेंजला मागनं वेगळा कप्पा लागतोय."

"कशाला? भाऊ-भाऊ हायत, एका खोलीत ऱ्हातील!"

अण्णांनी ढोल-ताशाची कॅसेट लावली. वूफर आतली हवा ढकलायला लागला, आणि त्या हवेनं मिडरेंजचा पातळ कोन पाठीमागनं बडवून काढला. तिसऱ्या मिनिटाला फट्ट! कोन मधोमध फाटला.

सर शांतपणे म्हणाले, "दत्तोबा, भाऊ-भाऊ एका खोलीत ठेवलं की काय हुतंय बघितलंस?"

सरांचा थोरल्या भावाशी दहा वर्षं कोर्टात दावा चालू होता. आम्ही कुणीच हसलो न्हाई. सर एकटेच हसले.

*

पुढच्या रविवारी दत्ता तोडगा घेऊनच आला. मिडरेंजच्या पाठीवर एक जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं पालथं घातलं होतं. काठ लेथवर बरोबर मापात कापलेला, आठ स्क्रू, वाऱ्याला जागा न्हाई. फक्त एक झालं, पातेलं घंटेगत वाजायला लागलं. मग त्यात गोधडीचा तुकडा कोंबला. नाद खुळा काम! आवाज बंद कप्प्यात गप बसला.

तेवढ्यात काकू, म्हणजे सरांच्या बायको, आतनं आल्या.

"आठ दिस झालं, माझं दुधाचं पातेलं सापडंना. मांजरानं दूध प्यालं म्हणावं, तर त्यानं पातेलं कशाला न्यावं?"

दत्ता छताकडं बघायला लागला. मी दत्ताकडं. अण्णा देवमाणूस, खोटं जमायचं न्हाई, त्यांनी गपचूप खोक्याकडं बोट केलं.

काकूंनी वाकून आत बघितलं. पातेलं ओळखलं. मग गोधडी पण ओळखली.

"आईच्या लुगड्याची हाय ती! मुडद्यांनो!" कमरंवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "आता ह्यातनं मास्तर बोलला न्हाई, तर तुमा तिघास्नी ह्याच पातेल्यात उकळीन."

*

आता आमची परीक्षेची पद्धत सांगतो, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई.

गाण्यावर मिडरेंज ठरवायचा न्हाई, असा सरांचा दंडक. गाणाऱ्याचा खरा आवाज आपण कुठं ऐकलाय? ज्याला रोज ऐकतो त्याचा आवाज लावा, मग कळंल. म्हणून शिमगा झाल्यावर एका रविवारी मी चांगला टेपरेकॉर्डर आणला आणि सरांचा आवाज भरायला बसलो.

"काय वाचू?"

"काय बी वाचा, सर."

सरांनी डोळे मिटले आणि आमच्या बॅचची हजेरी सुरू केली! वीस-बावीस वर्षांपूर्वीची, तोंडपाठ. "आवळे सदाशिव. कुंभार विष्णू. खाडे दत्तात्रय. चौगुले बबन." माझं नाव आलं आणि हात आपोआप वर गेला. चाळिशीला आलेला घोडा मी! तोंड दाबून धरलं म्हणून टेप वाचली.

तिथं सरांच्या घशाला कोरड पडली. सवयीनं आत हाक दिली, "अगं, चहा ठेवलायस का?" काकू दळण आणायला गिरणीत गेलेल्या. आतनं काय उत्तर आलं न्हाई. सर स्वतःशीच म्हणाले, "कुठं गेली ही?" आणि परत हजेरी, "जाधव मारुती..."

मी म्हटलं, तेवढं पुसून परत भरू. सर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. खरं हाय ते."

तर परीक्षा अशी. सोप्यात दोरीवर चादर टाकायची. चादरीमागं खोकं आणि सर शेजारी-शेजारी. कधी टेप हजेरी घेणार, कधी सर स्वतः. आम्ही अलीकडं बसून ओळखायचं. पण खरा निकाल आमचा न्हवताच, तो स्वयंपाकघरातनं यायचा. सरांनी स्वतः "अगं, चहा ठेवलायस का?" म्हटलं की आतनं तोफ सुटायची, "ठेवलाय की! दम हाय का न्हाय?" टेपनं म्हटलं की नुस्ता भांड्यांचा आवाज. काकू फसल्या की मिडरेंज पास. एवढा सोपा मीटर जपानात पण नसंल.

*

पहिला नंबर एका तालमीच्या मंडळाच्या भोंग्यातल्या मिडरेंजचा. दत्तानं कुठनं उचलला ते आम्ही विचारलं न्हाई. टेप लावली, "अगं, चहा ठेवलायस का?" आणि काकू धावत बाहेर! आम्ही उड्याच मारणार होतो. बघतो तर काकूंच्या दोन्ही हातात घागरी.

"रिक्षा गेली न्हवं आत्ता? काय पुकारत हुता, उद्या पाणी न्हाई?"

भोंगा नापास.

दुसरा एका जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओतला. कागद पिवळा पडलेला, पण आवाज खव्यासारखा मऊ. टेप लावली. आतनं तोफ न्हाई, भांडी न्हाईत, काहीच न्हाई. मग दारातनं काकू आल्या. डोक्यावर पदर, नजर खाली, हातात कपबशी. येऊन खोक्यापुढं कप ठेवला आणि मग भानावर आल्या.

सरांचे वडील जाऊन आठ वर्षं झाली होती.

काकूंनी पदर मागं टाकला. "मामंजी मेलं तरी त्यांचा चहा सुटला न्हाई," असं म्हणून कप उचलला आणि माझ्याकडं वळल्या. "ह्यो काढा आधी. मला पुन्यांदा सासुरवास नको."

*

दसऱ्याच्या आसपास अण्णा माल भरायला मुंबईला गेले आणि येताना साड्यांच्या गठ्ठ्यात लपवून एक परदेशी मिडरेंज घेऊन आले. कागदी कोन न्हाईच, मधोमध रेशमी घुमटी. लावला, आणि काय सांगू, अंगावर काटा आला! सर दोन नावांच्या मध्ये ओठ ओले करतात ते ऐकू आलं.

"अगं, चहा ठेवलायस का?"

आत भांडी वाजत राहिली.

थोड्या वेळानं काकू स्वतःच बाहेर आल्या. अण्णांचा चेहरा बघून त्यांना वाईट वाटलं असणार. म्हणाल्या, "वाईट न्हाई. ह्यो मास्तर लई चांगला हाय. पर ह्यो माझा न्हवं. माझा खरखरतोय."

आणि खरंच होतं ते. चादरीमागनं सर बोलले की घशात कायतरी घासल्यासारखं व्हायचं, टेप मात्र तुपासारखी. आम्हा तिघांनाही फरक सहज कळत होता.

"खडू," सर खाकरून म्हणाले. "तीस वर्षं खडू खाल्लाय, घसा बसणारच." विडीचं नाव त्यांनी घेतलं न्हाई. आम्हीही घेतलं न्हाई.

"इरली बिडू, असू दे," म्हणत अण्णांनी तो मिडरेंज परत साडीच्या कागदात गुंडाळला. मग आम्ही चौघांनी बसून निकाल लावला. मिडरेंज लई गुळगुळीत हाय, सरांच्या आवाजातली खरखर खातोय. आमच्या धंद्यात आधी पार्टवर संशय घ्यायचा असतो. माणसावर घ्यायची पद्धत न्हाई.

*

ह्यापुढचं पाप माझं एकट्याचं.

मी म्हटलं, बाहेरचा मिडरेंज मिळत न्हाई, तर मी बनवतो. पंधरा दिवस दुकानातलं बाकीचं काम बाजूला सारलं. कोनला जाड, खरबरीत कागद घातला. आणि आतली कॉईल केसभर बाजूला बसवली, म्हणजे ती हलताना लोखंडाला किंचित घासणार. लोक माझ्याकडं स्पीकर आणतात तेच मुळी "कॉईल घासतीया" म्हणून. मी ती मुद्दाम घासती ठेवली!

दिवाळीच्या आदल्या रविवारी चादर टाकली. टेप लावली. आवळे, कुंभार, खाडे, चौगुले. "अगं, चहा ठेवलायस का?"

"ठेवलाय की! दम हाय का न्हाय?"

दत्तानं टोपी छताला फेकली. अण्णांनी मला मिठीच मारली. काकू बाहेर आल्या, सरांचं मिटलेलं तोंड आणि फिरती कॅसेट बघून कपाळावर हात मारला, "फसवलंसा की रं मला!" आणि हसून हसून खाली बसल्या. दत्ता सायकल मारून मिसळ घेऊन आला.

सरांनी माझ्या पाठीवर थाप टाकली. "पैकीच्या पैकी, बबन."

गणितात सरांनी मला पस्तिसाच्या वर कधी मार्क दिले न्हवते. पैकीच्या पैकी मिळाले ते तेवढेच.

*

तीन रविवार आम्ही त्या स्पीकरवर सरांची हजेरी ऐकत बसलो होतो. आपल्याच कामाचं कौतुक, दुसरं काय. चौथ्या रविवारी दत्ताला कंटाळा आला. त्यानं कॅसेट काढली आणि त्याच खोक्यावर रेडिओ लावला. बातम्या लागल्या होत्या. नेहमीची बाई, स्वच्छ गळ्याची. आज तीसुद्धा खरखरत होती.

काकू दारातनं म्हणाल्या, "ही बाई पण विड्या वढती का काय?"

दत्ता खो खो हसला. मी न्हाई. कारण मला ठाऊक होतं, ती खरखर बाईची न्हाई, सरांची पण न्हाई. ती मी बसवलीय.

सरांनी रेडिओ बंद केला. गणिताचा माणूस, पायऱ्या गाळत न्हाई.

"बबन, टेप कधीची?"

"शिमग्यातली, सर."

"आन आज काय?"

"दिवाळी झाली."

"टेपवर खरखर हाय?"

मी मान हलवली. न्हाई.

सरांनी दोन बोटं स्वतःच्या गळ्यावर ठेवली आणि काकूंकडं बघितलं. काकू हातातला पदर पिळत उभ्या राहिल्या. अण्णा कानडीत देवाचं नाव घ्यायला लागले. दोन महिने आम्ही सरांचा आवाज गेल्याचं दर रविवारी ऐकत होतो, आणि मिडरेंज बदलत होतो.

*

मिरजेला नेलं. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, तुकडा काढून तपासला. गाठ होती, आवाजाच्या जागीच. अण्णांनी डॉक्टरांना विचारलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. "दोन-तीन महिने आधी आला असता तर रेडिएशनचा शेक देऊन भागलं असतं बहुतेक. आता स्वरयंत्र काढावं लागंल." म्हणजे जीव राहील, आवाज राहणार न्हाई.

परतीच्या गाडीत हातकणंगलं गेलं तसं सरच म्हणाले, "तिनातला मधलाच चाललाय, बबन. वूफर, ट्विटर जाग्यावर हाय."

मी रडलो. भर गाडीत, लाज न बाळगता रडलो. म्हटलं, "सर, माझ्यामुळं दोन महिने..."

"गप. विडी तू वढत हुतास व्हय?"

दत्तानं सुचवलं, ऑपरेशनच्या आधी आठ-दहा कॅसेटी भरून घेऊ. सर नको म्हणाले. "ह्या आवाजात नको. शिमग्यातली हाय ती बास. तिला नीट मिडरेंज तेवढा बघा."

तर आम्ही वेडे, त्याच रविवारी खोकं उघडून बसलो! चादर टाकली. काकू आतनं आल्या आणि दोरीसकट ती ओढून काढली.

"घरातल्या माणसाचा गळा कापणार हायत आन तुम्ही डबडी वाजवतायसा? चालतं व्हा!"

आम्ही चालते झालो. माझा तो घासता मिडरेंज मी काढून पिशवीत घातला आणि पंचगंगेच्या घाटावर जाऊन पाण्यात फेकला. दत्ता सवयीनं म्हणाला, "आता नदीचा घसा बसंल." मी त्याला आईवरनं शिवी घातली. त्यानं ती निमूट ऐकून घेतली, आणि मग तोही तिथंच पायरीवर बसून रडला.

*

ऑपरेशन झालं. माघ लागला तवा सर घरी होते, गळ्यावर पांढरा फडका, फडक्याआड श्वासाचं भोक. हातात पाटी-पेन्सिल. अक्षर शाळेतलंच, घोटीव.

घर मात्र ओळखू येईना. काकू पायाचा आवाज न करता चालायच्या. सरांनी पाटी वाजवली की लगेच येऊन उभ्या राहायच्या, वाचायच्या, "व्हय" म्हणायच्या, जायच्या. ना तोफ, ना मुडदे, ना दम हाय का न्हाय. एकदा दत्तानं चहा सांडला तरी गप पुसून घेतला. दत्ता बाहेर आल्यावर म्हणाला, "आरं, शिवी तरी द्यायची." एका घरात दोन माणसांचा आवाज गेला होता. त्यातला एकच डॉक्टरांनी काढला होता.

एका रविवारी सरांनी पाटीवर लिहिलं, 'मिडरेंज?'

अण्णा उठले, गाडीला लटकून हातकणंगल्याला गेले आणि दोन तासांत परत आले. साडीचा कागद सोडला. तीच रेशमी घुमटी.

दत्तानं जर्मनचं पातेलं तिच्या पाठीवर बसवलं. गोधडीचा तुकडा मी भरला. चार स्क्रू मी पिळले, शेवटचे चार अण्णांनी पिळले. काकू आत होत्या. त्यांना कुणी विचारलं न्हाई, विचारायचा धीर न्हवता. चादरपण टाकली न्हाई. कुणापासनं काय लपवायचं? सर खुर्चीत, खोकं त्यांच्या शेजारी.

मी कॅसेट घातली.

"आवळे सदाशिव. कुंभार विष्णू."

सरांचा आवाज. शिमग्यातला, तुपासारखा. सर डोळे मिटून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. आत भांडी घासायचा आवाज येत होता, तो थांबला.

"खाडे दत्तात्रय." दत्तानं मान खाली घातली. "चौगुले बबन." माझा हात वर गेला न्हाई.

"अगं, चहा ठेवलायस का?"

आत काय न्हाई. भांडी न्हाई, तोफ न्हाई. टेप फिरत होती. मी बटणाकडं हात नेला, तो अण्णांनी धरला.

"कुठं गेली ही?"

आणि आतनं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज आला,

"कुठं जातीया? हितंच हाय की!"